तापास खायला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

गेल्या मे महिन्यात माझ्या कॉलेजच्या चार मैत्रिणी पुण्याहून स्पेनला आल्या. मी माद्रिदला कामात अडकलेली, त्यामुळे दक्षिणेतल्या सेव्हियातली (इंग्रजीत सेव्हिल) पहिली संध्याकाळ त्यांनी आपली आपणच काढली. साडेसहाला चौकातल्या एका हॉटेलात टेबल धरलं, वेटरला "तापास" म्हणून सांगितलं आणि कार्डावरचे आठ पदार्थ एका दमात मागवले. पंधरा मिनिटांत आठही टेबलावर हजर, तेही भल्या मोठ्या ताटल्यांमध्ये. तळलेलं गार होऊन मऊ पडलं, शाकाहारी दोघींच्या वाट्याला बटाटे आणि ऑलिव्ह आले, निम्मं अन्न उरलं आणि बिल बघून चौघींचे चेहरे उतरले. रात्री फोन आला, "अगं, याचं एवढं काय कौतुक? आपल्याकडे स्टार्टर मागवतो तेच की हे!"

मला फार वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हती. तापासबद्दल जे वाचायला मिळतं त्यात पदार्थांच्या याद्या असतात, रीत कुणी सांगत नाही. आणि खरी गोष्ट रीतच आहे. तापास नावाचा कुठलाही एक पदार्थ नाही. ते एक माप आहे आणि संध्याकाळ घालवायची एक पद्धत आहे. स्पॅनिशमध्ये त्याचं क्रियापदच आहे, 'तापेआर'. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी मापं: वाटी, हाफ आणि फुल

'तापा' म्हणजे झाकण. तापास हे त्याचं अनेकवचन. (उच्चार आपल्या 'त'सारखाच, 'टापास' नाही. स्पॅनिशमधला हा 'त' मराठी माणसाला न शिकता येतो.) दारूच्या पेल्यावर पावाचा तुकडा किंवा हॅमची चकती ठेवायची, म्हणजे आत माशी किंवा धूळ पडणार नाही, असा या नावाचा उगम सांगतात. दक्षिण किनाऱ्यावरच्या कादिस शहराच्या वाऱ्यात राजाच्या पेल्यात वाळू उडू नये म्हणून हुशार नोकराने हॅमची चकती वर ठेवली, ही गोष्ट तर प्रत्येक वाटाड्या सांगतो. ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. पण झाकणाएवढं खाणं हे माप मात्र खरं आहे.

त्या मापाच्या वर आणखी दोन मापं आहेत. 'रासिओन' म्हणजे पूर्ण प्लेट आणि 'मेदिया रासिओन' म्हणजे अर्धी. आपल्याकडे हॉटेलात हाफ आणि फुल असतं ना, तसंच. फक्त इथे हाफच्याही खाली एक वाटीभर माप आहे, ते म्हणजे तापा. एकच पदार्थ तिन्ही मापांत मिळू शकतो. माझ्या मैत्रिणींनी मागवले ते आठही पदार्थ फुल होते. टेबलावर बसलेल्या चार-पाच जणांना वेटर सहसा मोठंच माप आणतो आणि काही ठिकाणी तापा फक्त काउंटरवरच मिळतो. म्हणून मागवताना माप सांगायचं. सेव्हियात काउंटरपाशी एका तापाचे साधारण ३-४ युरो पडतात. उघड्यावरच्या टेबलांवर, ज्याला 'तेर्रासा' म्हणतात, तिथे तोच पदार्थ महाग असू शकतो.

'बार' शब्दाने बिचकू नका

मराठीत 'बार' म्हटलं की काळ्या काचा, मंद दिवे आणि घरी न सांगता जाण्याची जागा डोळ्यांसमोर येते. स्पेनमधला बार सकाळी उघडतो. आठ वाजता तिथे लोक कॉफी आणि टोमॅटो चोळलेला, वर ऑलिव्ह तेल घातलेला भाजका पाव खातात. दुपारी त्याच जागी कारकून जेवतात, संध्याकाळी आजोबा पत्ते कुटतात, रात्री बाबागाडीतल्या बाळासकट अख्खं कुटुंब उभं असतं. आपलं उडुपी हॉटेल, चहाची टपरी आणि वाड्यातला कट्टा एकत्र केला तर जे होईल ते म्हणजे स्पेनचा बार. शाळकरी पोर एकटं येऊन आईसाठी पाव घेऊन जातं, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पाणीपुरीची गाडी डोळ्यांसमोर आणा

गाडीभोवती आपण पाच जण उभे राहतो. भैया एकेक पुरी हातात देतो. बसायला खुर्ची नाही, कार्ड नाही, आणि बारा पुऱ्या एकदम ताटात घेऊन कुणी बसत नाही, कारण त्या मऊ पडतात. कुणाच्या किती झाल्या ते भैयाच्या डोक्यात पक्कं असतं आणि पैसे शेवटी. मध्ये गप्पा, मध्ये ठसका, मध्ये "अजून एक सुकी दे".

तापासचं गणित हेच. काउंटरला, म्हणजे 'बार्रा'ला, टेकून उभं राहायचं. एक पेय आणि एखाददुसरा तापा मागवायचा. ते संपलं की वाटलं तर अजून एक. पैसे निघताना. सेव्हियात एल रिंकोंसियो नावाचा बार १६७० पासून चालू आहे. आपल्याकडे शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक व्हायचा होता, तेव्हाचा. तिथला काउंटरमागचा माणूस अजूनही तुमचा हिशोब समोरच्या लाकडी फळीवर खडूने लिहितो. तुम्ही अजून एक पदार्थ सांगितला की तो न बोलता तुमच्या कोपराशेजारी एक आकडा वाढवतो. शेवटी बेरीज करतो, पैसे घेतो आणि ओल्या फडक्याने फळी पुसून टाकतो.

जर्मनीच्या बिअरसारखा मोठा पेला इथे कुणी घेत नाही. 'कान्या' म्हणजे नळाच्या बिअरचा छोटा ग्लास, साधारण २०० मिलिलिटरचा. खाणं छोटं तसं पेयही छोटं. उन्हाळ्यात चाळिशीपार जाणाऱ्या शहरात मोठा पेला गरम होतो हे एक कारण. दुसरं कारण पुढे येतंय.

पण एकाच जागी बसून का नाही खायचं?

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, आणि तापासचा जीव याच उत्तरात आहे.

पुण्यात चांगली मिसळ खायची तर आपण एका ठिकाणी जातो, खरवस दुसरीकडे खातो आणि चहा तिसरीकडेच घेतो. 'आमच्याकडे सगळं मिळतं' म्हणणाऱ्या हॉटेलाबद्दल खवय्याच्या मनात शंका असते. स्पेनमधल्या जुन्या बारचंही तसंच. स्वयंपाकघर खोलीएवढंही नसतं. मालक एक-दोन पदार्थांत आयुष्य घालवतो.

उत्तरेत ला रिओहा या वाइनच्या मुलखात लोग्रोन्यो शहर आहे. तिथे काये लाउरेल नावाची गल्ली म्हणजे खरीखुरी खाऊगल्ली. तिथल्या बार आंखेलमध्ये वर्षानुवर्षं एकच गोष्ट विकली जाते, मशरूम. तव्यावर मशरूमच्या टोप्या उलट्या मांडलेल्या असतात, त्यांच्या वाटीत लसणाचं तेल बुडबुडत असतं. तीन टोप्या एकावर एक, टोकाला एक इवलीशी कोळंबी, खाली पावाची चकती, आणि सगळ्यांतून आरपार एक काडी. ते तोंडात घालताना तेल हनुवटीवर येतंच. पाव सगळ्यात शेवटी खायचा, कारण तोवर तीन मशरूमचं पाणी त्यात उतरलेलं असतं. कोळंबी नको असेल तर आधी सांगायचं. मी हे खाल्ल्यावर तिथेच दुसरं मागवण्याचा मोह आवरते, कारण दहा पावलांवरचा बार दुसऱ्याच कशात तरी वाकबगार आहे.

आता छोट्या मापाचं दुसरं कारण कळेल. पहिल्याच बारमध्ये पोट भरलं तर चौथ्या बारपर्यंत जाणार कसं? तापा छोटा ठेवलाय तो पुढे जाता यावं म्हणून. एका ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं, मग रस्ता, मग पुढचं दार. प्रत्येक वेळी दारातून आत जाताना मंडळींची जागा बदलते. आधी कोपऱ्यात गप्प असलेली मैत्रीण पुढच्या बारमध्ये तुमच्या शेजारी येते. टेबलावर तीन तास ज्याच्या शेजारी बसलो त्याच्याशीच बोलतो. इथे तसं होत नाही. मित्रमंडळींसाठी यापेक्षा चांगली व्यवस्था मी पाहिलेली नाही.

ग्रानादात फुकट देतात, ते परवडतं कसं?

दक्षिणेतली ग्रानादा, हाएन, आल्मेरिया आणि उत्तरेतलं लेओन या भागांत पेय मागवलं की सोबत तापा फुकट येतो. शेंगदाण्याची बशी नव्हे. कधी वाटीभर रस्सा, कधी तळलेले मासे, कधी छोटा बर्गर. ग्रानादात बहुतेक वेळा काय येणार ते स्वयंपाकघर ठरवतं. दुसरं पेय मागवलं की दुसरा पदार्थ. तीन पेयांत रात्रीचं जेवण होतं. १५३१ साली स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या यावर पोसल्या गेल्या असतील!

यात दानधर्म नाही, साधा हिशोब आहे. सकाळी एक मोठं पातेलं चढवलं की त्यात पन्नास-साठ वाट्या निघतात. एका वाटीचा खर्च थोडा, पेयावर सुटणारा पैसा जास्त. चखण्याचं तत्त्व तेच, खारट-तिखट खाल्लं की घसा कोरडा पडतो. शिवाय त्या वाटीसाठीच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं. कुणी म्हणेल, फुकटचं म्हणजे हलक्या प्रतीचं देत असतील. काही ठिकाणी देतातही. पण जिथे शेजारचे दहाही बार फुकट देतात तिथे वाईट देणारा रिकामा पडतो. मोहल्ल्यात बारची ओळख त्याच्या तापावरून असते.

काडीवाले उत्तरेचे

फ्रान्सच्या सीमेजवळच्या बास्क मुलखात याला तापा म्हटलेलं चालत नाही. तिथे 'पिंचो'. टोचणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला शब्द, कारण पावाच्या चकतीवर पदार्थ रचून तो काडीने टोचलेला असतो. सान सेबास्तियानच्या जुन्या गावात बारच्या काउंटरवर अशा रचलेल्या ताटल्यांची रांग बघून डोळे दिपतात. इथे आपले लोक हमखास चुकतात. बुफे समजून मोठी ताटली भरून घेतात. गावचा माणूस एक उचलतो, फार तर दोन. गरम पिंचो काउंटरवर नसतातच, ते फळ्यावर खडूने लिहिलेले असतात आणि सांगितल्यावर करून मिळतात. खरी मजा फळ्यावर आहे.

इथला सगळ्यात जुना मान 'गिल्दा'चा. एक ऑलिव्ह, एक खारवलेला आंचोआ मासा, दोन-तीन व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या, एका काडीवर. हॉलिवूडच्या रिटा हेवर्थच्या १९४६ च्या सिनेमातल्या नायिकेचं नाव त्याला दिलं, कारण तीही हिरवी, खारट आणि तिखट अशी मानली गेली. स्पॅनिशमध्ये 'हिरवी' म्हणजे चावट. आणि पुण्या-मुंबईच्या कॅफेंत हल्ली जो करपलेल्या पाठीचा 'बास्क चीजकेक' मिळतो, तो याच जुन्या गावातल्या ला विन्या नावाच्या बारमधून जगभर गेला.

रात्री दहाला जेवण?

नकाशा बघा. माद्रिद जवळपास लंडनच्याच रेषेवर, किंबहुना थोडं पश्चिमेला आहे. पण १९४० साली, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, स्पेनची घड्याळं एक तास पुढे नेऊन बर्लिनशी जुळवली, ती तशीच राहिली. त्यात उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. दिवसाचं मोठं जेवण दुपारी दोन-तीनला झालेलं असतं, रात्री हलकंच हवं असतं. मग तापास दोन वेळा रंगतात, दुपारी एकच्या पुढे आणि रात्री नऊच्या पुढे. साडेसहाला चांगल्या बारचं स्वयंपाकघर बहुधा बंद असतं. माझ्या मैत्रिणी नेमक्या त्याच वेळी गेल्या होत्या.

एकाच ताटलीत सगळ्यांनी? उष्टं नाही होत?

हा प्रश्न मला कुठल्याही स्पॅनिश माणसाने विचारलेला नाही आणि प्रत्येक मराठी काकूने विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. ताटली मध्ये असते, पण प्रत्येकाच्या हातात स्वतःचा छोटा काटा किंवा काडी असते. एका घासात संपेल एवढंच उचललं जातं, अर्धं चावून कुणी परत ठेवत नाही. पाव मात्र एकाच रश्श्यात सगळे बुडवतात. ज्यांना ते नको त्यांनी 'ऊन प्लातो, पोर फावोर', म्हणजे 'एक ताटली द्या', असं म्हणावं. लगेच मिळते.

शाकाहारी माणसाने काय करायचं?

उपाशी राहावं लागत नाही, पण विचारावं लागतं. पहिली अडचण भाषेची. 'मांस नको' म्हटलं तर स्पेनमधल्या अनेकांच्या मनात मटणाचा तुकडा येतो. हॅमचे कण, ट्यूना मासा त्यात मोजले जातीलच असं नाही. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार, दाट सार दिसायला निव्वळ शाकाहारी, पण वरून हॅम आणि अंडं पेरलेलं. 'एन्सालादिया रुसा' म्हणजे बटाट्याचं सॅलड, त्यात ट्यूना. 'क्रोकेता' बटाट्याच्या वाटतात, असतात बहुधा हॅमच्या. म्हणून नावानिशी विचारायचं, "येवा खामोन?", म्हणजे "यात हॅम आहे का?" आणि "आतून?", म्हणजे "ट्यूना?"

आता खायचं काय? सेव्हियाची पालक-छोले भाजी, 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस'. जिऱ्याचा आणि लसणाचा वास आला की परक्या गावात आहोत हे विसरायला होतं. तळलेल्या वांग्यांवर 'मिएल दे कान्या' घालून देतात. शब्दशः उसाचा मध, चवीला थेट आपली काकवी. कोल्हापूरच्या माणसाला वांग्याच्या कापांवर काकवी ही जोडी सांगितली तर तो नाक मुरडेल, पण पहिल्या घासानंतर ताटली सोडणार नाही. गालिसियाच्या पाद्रोन गावच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून, वर जाड मीठ घालून येतात. बहुतेक गोड, मध्येच एखादी झणझणीत, आणि कुठली ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. अंडं चालत असेल तर 'तोर्तिया', म्हणजे बटाटा-अंड्याचा जाड गोल. तिखट सॉसमधले 'पातातास ब्रावास' आहेतच.

या 'पाताता'चं आणि आपल्या 'बटाट्या'चं मूळ एकच. कॅरिबियन बेटांवर रताळ्याला 'बताता' म्हणत. पोर्तुगीजांबरोबर तो शब्द गोव्यावरून आपल्याकडे आला आणि बटाटा झाला. स्पॅनिशांनी त्यात अँडीज पर्वतातला 'पापा' मिसळला आणि पाताता केला. दोन साम्राज्यांची गलबतं, एक कंद.

मासे खाणाऱ्यांनी कादिसची 'तोर्तियिता दे कामारोनेस' शोधावी. हरभऱ्याच्या पिठात इवल्याशा कोळंब्या, पार्सली, कांदा, आणि जाळीदार कुरकुरीत तळणी. कोकणातल्या माणसाला ती बघून जवळ्याची भजी आठवल्याशिवाय राहत नाही. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आईला लगेच फोन लावला होता.

न पिणाऱ्यांचं काय, आणि पैसे कोण देतं?

दारूची सक्ती कुठेच नाही. 'मोस्तो' म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस, जवळपास प्रत्येक जुन्या बारमध्ये मिळतो आणि वाइनसारखाच ग्लासात देतात. अल्कोहोल नसलेली बिअर तर स्पेनमध्ये अगदी सर्रास. तिथे कुणी वळूनही बघत नाही.

पैशांची एक सुरेख सोय आहे, 'बोते'. निघतानाच प्रत्येकाने दहा-पंधरा युरो काढायचे, एकाकडे द्यायचे आणि प्रत्येक बारचे पैसे त्याने त्यातून भरायचे. आपण कॉन्ट्री काढतो तेच. दर बारमध्ये टीटीएमएम करत बसलं तर चार बारला चार वेळा आकडेमोड होईल आणि संध्याकाळ संपेल. ज्याने कमी खाल्लं त्याचं नुकसान होतं का? एखाद्या संध्याकाळी होतं. पण मंडळी दर आठवड्याला भेटणारी असतात, हिशोब कधीतरी फिटतो. टीप द्यायचं बंधन नाही, सुटे नाणे ठेवले तरी चालतात.

मग लंडन-मुंबईत 'छोट्या प्लेटा' महाग का?

कारण तिथे माप तेवढं उचललं, रीत मागे राहिली. एका जागी, राखीव टेबलावर दोन तास बसायचं म्हटलं की भाडं, वाढपी आणि मोठं स्वयंपाकघर यांचा खर्च त्या छोट्या बशीवरच बसतो. पाच बशा मागवाव्याच लागतात. खाणं उत्तम असेलही. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही. पण त्यात पुढच्या दाराकडे जाणं नाही.

मला जास्त काळजी वाटते ती स्पेनचीच. पर्यटकांची गर्दी झालेल्या गल्ल्यांत भाडी वाढली की आधी जातो तो एकच पदार्थ करणारा म्हातारा. त्याच्या जागी फोटोंचं कार्ड लावलेलं, सगळं सदासर्वकाळ मिळणारं दुकान येतं. आपण पाहुणे म्हणून एवढं तरी करू शकतो: साडेसहाला फोटोवाल्या कार्डापाशी बसायचं नाही, नऊपर्यंत थांबायचं आणि जिथे गावातली माणसं कोपराला कोपर लावून उभी आहेत तिथे घुसायचं.

दुसऱ्या दिवशी मी सेव्हियाला पोचले आणि चौघींना नऊ वाजता बाहेर काढलं. प्रत्येकीचे पंधरा युरो रश्मीच्या पर्समध्ये. पहिल्या ठिकाणी पालक-छोले, दुसऱ्या ठिकाणी वांगी, तिसऱ्या ठिकाणी मासे खाणाऱ्यांसाठी तळलेलं आणि बाकीच्यांना तोर्तिया. चौथ्या बारपर्यंत साडेअकरा झाले. काउंटरमागच्या काकांना मी "आता शेवटचं" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले, तर त्यांनी बोट हलवून मला दुरुस्त केलं. "शेवटचं नाही. 'ला पेनुल्तिमा.'" म्हणजे शेवटच्या आधीचं. स्पेनमध्ये शेवटचा पेला म्हणत नाहीत, ते अशुभ.

मैत्रिणींना मला हे समजावून सांगावंच लागलं नाही. रश्मीने बोतेतले उरलेले पैसे मोजले, अजून एका फेरीपुरते होते ते काउंटरवर ठेवले, आणि तासाभराने निघताना काकांना हात जोडून मराठीतच म्हणाली, "येतो हं."